कड्याचा चाकू

तुम्ही कधी डावा हात पाठीमागे बांधून, फक्त उजव्या हाताने, खिशातला मिटलेला चाकू उघडून पाहिला आहे? दातात न धरता, गुडघ्यात न दाबता, कुणाला हाक न मारता? पाहिला नसेल, तर ज्याला ते रोज करावं लागतं त्याच्याविषयी मत देण्याची घाई करू नका. मी केली होती. मत दिलं, छापलं आणि टपालात टाकलं. तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि जगातल्या बहुतेक गोष्टींविषयी माझं मत तयार होतं.

आम्ही भवानीपूरला राहायचो, एका बंगाली घराच्या वरच्या मजल्यावर. खाली घरमालकीण मासीमा, वर आई, बाबा आणि मी. आजोबा कधीकाळी शिकवायला म्हणून कलकत्त्याला आले होते ते परत गेलेच नाहीत, त्यामुळे बाबा इथलेच. त्यांचं बंगाली मासीमांच्या तोडीचं होतं. मराठी मात्र थोडं जुन्या वळणाचं राहिलं होतं, आजोबांच्या वेळचं, जसं ट्रंकेत घडी करून ठेवलेलं धोतर असावं. त्यांना एकच नाद होता, पत्रकांचा. मैदानावर सभा कुणाचीही असो, पत्रक घरी यायचं. पुण्याहून टपालाने यायची ती वेगळी. गिरणीवाल्यांची, गोरक्षणवाल्यांची, विधवाविवाहवाल्यांची, भाडेकरूंची, सगळी एकाच पलंगाखाली शेजारी शेजारी झोपायची. मला अक्षरओळख झाली ती त्यांच्यावरच. इतर मुली राजाराणीच्या गोष्टी ऐकत मोठ्या झाल्या, मी मागण्या ऐकत. बाबांचे पत्रकाविषयी दोन नियम होते. लिहिणाऱ्याने खाली स्वतःचं नाव आणि पत्ता घालायचा, आणि शेवटी वाचणाऱ्याकडे काहीतरी मागायचं. "मागणी नसेल तर ते पत्रक नाही," ते म्हणत, "ती कुरकुर."

रविवारी सकाळी आम्ही तिघं पत्रकांच्या गठ्ठ्यांना दोरी बांधत बसायचो. इथल्या आमच्या छोट्याशा मराठी मंडळाची पत्रकं बाबाच लिहायचे आणि नागपूर, इंदूर, बडोदा अशी दूरदूर पाठवायचे. आई एकीकडे चिऱ्यांचे, म्हणजे बंगाली पातळ पोह्यांचे, पोहे करायची, कारण आपल्याकडचे पोहे मिळायचे नाहीत आणि चिरे भिजले की लगदा व्हायचा, म्हणून ती ते फक्त ओल्या हाताने चोळायची. खालून मासीमांच्या विळीवर मासा कापल्याचा आवाज, बाहेर ट्रामची घंटा, आणि आमच्याकडे दोरी ओढल्याची सुरसुर. बाबांची एक खास गाठ होती: दोन वेढे, एक उलटा फास आणि त्यावर आडवा तिसरा. ती सुटायची नाही, कापावीच लागायची. मला ती त्यांनी आठव्या वर्षी शिकवली. कलकत्त्यात ती गाठ दोनच माणसांना येत होती.

मग बाबांचा हात गेला. गेला म्हणजे राहिला मनगटाला, पण कामातून गेला. ते गार्डन रीचला एका माल उतरवणाऱ्या कंपनीत मोजणीदार होते. बोटीतून आलेली खोकी मोजायची आणि वहीत टिपायची. एक खोकं साखळीतून निसटलं आणि त्यांचा डावा पंजा त्याच्या आणि खांबाच्या मध्ये सापडला. डॉक्टरांनी पंजा वाचवला, पण बोटं अर्धी मिटलेली राहिली ती तशीच. त्यांच्यात ना पकड, ना जोर. तीन महिने ते घरी होते. जेवण उजव्या हाताचं, त्यामुळे तिथे अडचण नव्हती, पण सदऱ्याची गुंडी आई लावायची आणि ते त्या वेळी छताकडे बघायचे. पहिल्या रविवारी गठ्ठे बांधायला बसले, दोरीचं एक टोक दातात धरलं, आणि मग टोक सोडून उठून गच्चीवर गेले. आईने पोह्यांवर ताट झाकून ठेवलं. त्या दिवशी गठ्ठे मी एकटीने बांधले.

कंपनीतून निरोप आला. टपालखोलीतले म्हातारे बाबू निवृत्त होत होते. ते काम बाबांना देता येईल, पण आधी ते करून दाखवावं लागेल, दहा दिवसांनी, सोमवारी, बडोबाबूंच्या समोर. बडोबाबू म्हणजे तिथले मुख्य कारकून, सान्याल नावाचे. टपालखोलीचं काम म्हणजे नुसती पाकिटं फोडणं नव्हतं. गावोगावहून मालाचे नमुने यायचे, गोणपाटात शिवलेले, सुतळीने आवळलेले. ते कधी खोलीत उघडायचे, कधी गोदामात, कधी थेट धक्क्यावर. कात्री गोणपाटाच्या शिवणीत शिरत नाही, तिथे चाकूच लागतो. आणि उघड्या पात्याची सुरी घेऊन फाटकातून जाता येत नसे. फाळणीच्या वेळच्या दंगलींना फार वर्षं झाली नव्हती, दरवान प्रत्येकाची कंबर चाचपायचा. मिटणारा छोटा चाकू चालायचा, दुसरं काही नाही. बाबांना तो एका हाताने उघडता आला, तर नोकरी. नाही आला, तर महिनाअखेरीला हिशेब मिटवून आम्ही नाशिकला मोठ्या काकांच्या दारात. आईने तसं पत्र काकांना लिहून ठेवलं होतं, फक्त टाकलं नव्हतं. पाटाखाली होतं, मी पाहिलं होतं.

आता चाकूंविषयी सांगते. ही विद्या मी त्या दहा दिवसांत शिकले आणि पुढे कुठल्याही शाळेत माझ्या कामी आली नाही.

बाबांचा जुना चाकू साधा, पेन्सिलीला टोक करायचा. त्याला कुलूपच नव्हतं. मुठीच्या पाठीत एक पोलादी पट्टी असते, ती पात्याच्या बुडाला दाबून धरते, मिटलेलं असताना मिटलेलं आणि उघडलेलं असताना उघडं. पात्यावर नखाची खाच असते. दोन हात असतील तर एकाने मूठ धरायची, दुसऱ्याच्या नखाने ओढायचं. एका हाताला हे जमत नाही, कारण मूठ धरणारा आणि पातं ओढणारा अंगठा एकाच हाताचा, आणि पट्टी त्या अंगठ्यापेक्षा जोरकस. बाबांनी मूठ दातात धरून पाहिली. उघडला. पण टोक गोणपाटात खुपसलं की उलटा जोर बसून पातं पटकन मिटायचं. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या तर्जनीवर आडवी चीर होती, आणि आता जखमेला फडकं बांधायलाही दुसरा हात नव्हता.

म्हणून कुलपाचा चाकू हवा, हे मी ठरवलं. आणि तो स्वदेशी हवा, हेही मीच ठरवलं, कारण परदेशी मालाविषयीची पत्रकं पलंगाखाली सर्वांत जास्त होती. बंगालमधल्याच वर्धमानकडच्या कारागिराने केलेला एक सुंदर चाकू मी शोधून आणला. त्याच्या पाठीत कुलूप. पातं पूर्ण उघडलं की पट्टीचा दात पात्याच्या बुडातल्या खाचेत टच्चकन बसायचा, मग बैल जुंपला तरी मिटणार नाही. मिटवायला पाठीवर अंगठा दाबून पातं मांडीवर रेटायचं, तेही एका हाताने जमत होतं. फक्त उघडता येत नव्हता. जी पट्टी उघडल्यावर इतकी घट्ट धरते, ती मिटलेलं असतानाही तितकीच घट्ट धरते. बाबांचा अंगठा नखाच्या खाचेतून सटकायचा, पुन्हा सटकायचा. नख मुळापासून निळं झालं.

"कुलूप भक्कम आहे," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय? आतल्या माणसालाही बाहेर येऊ देत नाही."

तिसरा चाकू मी हट्टाने आणला, दातेरी पट्टीचा, मोठ्या पात्याचा. तो मनगटाच्या झटक्याने उघडायचा, आणि उघडताना दात एकेक करून मागे पडायचे, कर्र कर्र कर्र. जिन्याच्या वरच्या पायरीवर बाबांनी एकदाच उघडला. खाली मासीमांच्या हातातलं भांडं पडलं. त्या जिन्याच्या तोंडाशी येऊन उभ्या राहिल्या, पांढऱ्याफटक. दंगलीच्या दिवसांत त्यांनी तो आवाज गल्लीत ऐकला होता. बाबा धावत खाली गेले, त्यांच्यासमोर चाकू मिटवला आणि बंगालीत म्हणाले, "मासीमा, मी आहे, केळकर. चुकलो." वर येऊन त्यांनी तो मला परत केला. "काम करेल हा चाकू," ते म्हणाले, "पण फाटकावर दरवानाला कोण समजावणार? आणि मी हा घेऊन रोज मासीमांच्या दारावरून जाणार नाही."

शनिवारी आम्ही दोघं एस्प्लनेडला गेलो. तिथे फुटपाथवर तेव्हा लढाईतला उरलेला माल विकायला असायचा, बूट, पाण्याच्या बाटल्या, घोंगड्या, होकायंत्रं. इदरीसचाचा नावाचे एक पिकल्या दाढीचे गृहस्थ फक्त चाकू आणि पान्हे घेऊन बसायचे. बाबांनी डावा पंजा पुढे केला. चाचांनी तो आपल्या हातात घेतला, उलटसुलट पाहिला, आणि समोरच्या मालातल्या एकाही चाकूला हात न लावता बाजूच्या पेटीतून एक लाकडी मुठीचा, गावंढळ दिसणारा चाकू काढला.

"फ्रान्सचा," ते म्हणाले. "चंदननगरहून आला. फ्रेंच साहेब लोक गेले, पेटी राहिली."

"परदेशी आहे, बाबा," मी मराठीत पुटपुटले.

"अंगठा स्वदेशीच आहे ना?" बाबा म्हणाले.

त्या चाकूत पट्टीच नव्हती. पातं मुठीच्या फटीत नुसतं बसलेलं, लाकडाच्या घट्टपणावर. मुठीच्या टोकाला एक धातूचं कडं होतं, गोल फिरणारं, एका बाजूला चिरलेलं. कड्याची चीर फटीवर आली की पातं मोकळं. पातं उघडून कडं अंगठ्याने थोडं फिरवलं की चीर बाजूला सरकते, पात्याच्या मागची वाट बंद होते, आणि पातं मिटू शकत नाही. बाकी सगळ्या चाकूंत धरणारा आणि अडवणारा एकच. इथे अडवणारं वेगळं होतं आणि ते तुम्ही सांगाल तेव्हाच अडवायचं. चाचांनी नखाची खाच खाली करून चाकू पेटीच्या कडेवर दोनदा ठोकला, पात्याचं टोक आपसूक डोकावलं. फेरीवाल्याची करामत, असं मला वाटलं. बाबांनी चाकू हातात घेतला, अंगठा खाचेत घातला आणि ढकलला. पातं उघडलं. कडं फिरवलं, टिक. पुन्हा उलटं फिरवलं, पातं मांडीवर रेटून मिटवलं. पुन्हा उघडलं. मी मोजलं नाही, पण ट्रामच्या तीन गाड्या निघून गेल्या तरी ते उघडत आणि मिटवत होते. चाचा बिडी ओढत बघत होते. शेवटी म्हणाले, "बस करो बाबू, घर जाकर भी खुलेगा."

आता माझ्याकडे येते. या दहा दिवसांत मी आणखी एक काम केलं होतं. बाबांची परीक्षा घेणार, हे मला सहन होत नव्हतं. ज्या कंपनीच्या खोक्यापायी हात गेला, तीच कंपनी त्या माणसाला सर्कशीतल्या अस्वलासारखं उभं करून खेळ करून दाखव म्हणते. माझ्या मैत्रिणीच्या मामांचा छोटा छापखाना होता. मी माझ्या शाळकरी इंग्रजीत एक पत्रक लिहिलं. मथळ्याचा अर्थ होता, 'दोन हातांचा न्याय'. त्यात बडोबाबू सान्याल यांना नाव घेऊन धुतलं होतं. खाटकाने जनावराचे पाय मोजावेत तसे हा गृहस्थ माणसांचे हात मोजतो, असं वाक्य होतं. अजून ते मला पाठ आहे, दुर्दैवाने. पन्नास प्रती निघाल्या. दहा प्रतींचं पुडकं बांधून, वर कंपनीच्या मोठ्या साहेबांचं नाव घालून, मी रविवारी दुपारी टपालात टाकलं. माझा हिशेब असा की ते सोमवारी दुपारच्या फेरीला पोचेल, तोवर बाबांची परीक्षा झालेली असेल. निकाल काहीही लागो, मला माझं म्हणणं मांडायचंच होतं. बाबांना मी सांगितलं नाही, कारण ते थांबवतील असं वाटलं. त्यांचे दोन्ही नियम मात्र पाळले. शेवटी मागणी होती आणि खाली माझं नाव.

सोमवारी सकाळी आईने थालीपीठ केलं, वर लोण्याचा गोळा. कुठल्याही मोठ्या दिवशी ती तेच करायची. देवासमोर पाटावर चाकू ठेवलेला होता. खंडेनवमीला आपण हत्यारं धुऊनपुसून पुजतो, तशी तिने त्याची पूजा केली होती: स्वच्छ धुऊन, रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून, सकाळी कुंकू लावून. बाबांनी नमस्कार करून तो खिशात घातला. मला घेऊन चला असा हट्ट मी धरला, आणि पिशवी धरायला कुणी तरी हवं म्हणून ते हो म्हणाले. ट्रामने खिदिरपूर, पुढे बस. वाटेत त्यांनी चाकू एकदाही काढला नाही. ट्रामभर माणसं होती.

टपालखोली म्हणजे नदीकडे खिडकी असलेली लांबट खोली. एक मोठं टेबल, एक पंखा, वेताच्या दोन टोपल्या. बडोबाबू बारीक चणीचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी मला दाराबाहेरच्या बाकावर बसवलं. तिथून टेबल पूर्ण दिसत होतं. टोपलीतून त्यांनी एकेक पार्सल काढून टेबलावर मांडलं: गोणपाटाची चार, कापडात शिवलेली दोन, तपकिरी कागदाची तीन पुडकी. तिसरं पुडकं मांडलं तेव्हा मला त्याची दोरी दिसली. दोन वेढे, उलटा फास, वर आडवा तिसरा.

रविवारी टाकलेलं पुडकं सोमवारी सकाळच्या पहिल्याच फेरीला आलं होतं. कलकत्त्याच्या टपालाचं तेव्हा असंच होतं. आजही कुणी जुन्या टपालाच्या तत्परतेचं कौतुक करू लागलं की मी विषय बदलते.

"सुरू करा, केलकरबाबू," बडोबाबू म्हणाले.

बाबांनी चाकू काढला, अंगठा खाचेत घातला. पातं हललं नाही. त्यांनी पुन्हा ढकललं. अंगठ्याचं टोक पांढरं झालं. काहीच नाही. माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, मग आलं. लाकूड. आईने धुतलेलं, ओल्या फडक्यात रात्रभर मुरवलेलं लाकूड फुगलं होतं आणि त्याने पातं आवळून धरलं होतं. बडोबाबूंनी चष्मा काढून पुसला. बाबांनी तिसऱ्यांदा प्रयत्न केला. बाहेर एका बोटीचा भोंगा वाजला, लांब.

मग बाबांनी चाकू हातात उलटा केला, खाच खाली, आणि कड्याकडचं टोक टेबलाच्या कडेवर आपटलं. ठक. बडोबाबू दचकले. पुन्हा, ठक. मूठ टेबलाला लागून थांबली, पातं थांबलं नाही. टोक डोकावलं, अगदी बोटाच्या पेराइतकं. बाबांनी चाकू सरळ केला, डोकावलेल्या पात्याला अंगठा लावला आणि ते पूर्ण उघडलं. कडं फिरवलं. टिक. तो आवाज मी बाकावरून ऐकला. पाठीत पट्टी असती तर सबंध दिवस ठोकलं असतं तरी तिने पातं मागे ओढलं असतं. या चाकूत ओढणारं कुणी नव्हतं.

त्यानंतर बाबांनी पार्सलं कशी उघडली ते सांगायला मला आवडेल, पण मी नीट पाहिलंच नाही. डाव्या कोपराने दाबायचे, उजव्याने शिवण चिरायचे, चारही गोणपाटं, दोन्ही कापडं. माझं लक्ष एकाच पुडक्यावर होतं. दोन कागदी पुडकी झाली. तिसऱ्याशी बाबांचा हात थांबला. पातं दोरीखाली सरकवलेलं होतं, आणि ते गाठीकडे बघत होते. मग त्यांनी मान वर करून दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. चुकीच्या ठिकाणी आलेल्या ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं.

त्यांनी दोरी कापली. वरची प्रत काढून वाचली, संपूर्ण, शेवटच्या नावापर्यंत. आणि ती बडोबाबूंच्या समोर ठेवली.

"हे काय?"

"पत्रक आहे. माझ्या मुलीचं."

बडोबाबूंनी उभ्याउभ्याच वाचलं. वाचताना त्यांचे ओठ हलत होते, खाटकाच्या वाक्याशी थांबले, मग पुढे गेले. त्यांनी मला बोटाने आत बोलावलं.

"तू लिहिलंस?"

"हो."

"खाली नाव घातलंस, ते बरं केलंस. निनावी असतं तर टोपलीत गेलं असतं." ते आपल्या खोलीत गेले आणि एक कागद घेऊन आले. "वाच. इंग्रजी येतं तुला, दिसतंच आहे."

मोठ्या साहेबांची चिठ्ठी होती, महिन्यापूर्वीची. केळकर यांना सेवेतून कमी करावं. खाली बारीक, तिरक्या अक्षरात उत्तर होतं: एकदा टपालखोलीच्या कामाची परीक्षा घेण्याची परवानगी मिळावी. सही सान्याल.

"काढायला परीक्षा लागत नाही," बडोबाबू म्हणाले. "ठेवायला लागते. हे तुझ्या पत्रकात कुठे आहे?"

"मला माहीत नव्हतं."

"विचारलं होतंस?"

मी नकारार्थी मान हलवली.

"केलकरबाबू," ते बाबांकडे वळले, "टपालखोलीचा नियम सांगा."

"आलेलं टपाल ज्याचं त्याला पोचवायचं."

"हे साहेबांच्या नावाचं आहे."

"होय," बाबा म्हणाले. "पोचवतो." आणि त्यांनी खरोखरच त्या प्रती नीट एकावर एक लावल्या. त्यांनी त्या पोचवल्या असत्या, याविषयी मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. तो कागद जिना चढून वर गेला असता आणि परवानगी देणाऱ्या साहेबांनी आधी बाबांना काढलं असतं, मग बहुधा सान्यालबाबूंनाही.

"थांबा," बडोबाबू म्हणाले. "पाठवणारी इथे उभी आहे. पोचण्याआधी आपलं टपाल परत मागायचा हक्क पाठवणाऱ्याला असतो." मग माझ्याकडे, चष्म्यावरून: "मागतेस?"

मी तोवर कधी काही परत घेतलं नव्हतं. शब्द मागे घेणाऱ्यांविषयी पलंगाखाली काय काय लिहिलेलं होतं ते मला पाठ होतं. बाबा माझ्याकडे बघत नव्हते, खिडकीतून नदीकडे बघत होते, म्हणजे हे मला एकटीलाच ठरवायचं होतं.

"मागते," मी म्हटलं. "आणि खाटकाचं वाक्य लिहिलं, त्याची माफीही मागते."

"वाक्य वाईट नाही," बडोबाबू म्हणाले. "माणूस चुकीचा." त्यांनी प्रती माझ्या हातात दिल्या आणि चिठ्ठीच्या खाली काहीतरी लिहिलं. "केलकरबाबू, उद्या दहाला. चाकू कोरडा ठेवा."

बाबांनी कडं फिरवलं, पातं मांडीवर मिटवलं, चाकू खिशात टाकला. बाहेर पडलो. फाटकाशी बाबांनी झालमुडी, म्हणजे तिखट कुरमुरे, घेतली, दोघांत एक कागदी ठोंगा, मी धरायचा आणि दोघांनी खायचं. तिखट नाकात गेलं, बाबांना ठसका लागला, आणि मग ते हसायला लागले. इतके हसले की दरवान बघायला आला. तीन महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता.

"शेवटी मागणी काय केली होतीस?" त्यांनी बसमध्ये विचारलं.

"एका हाताच्या माणसाला परीक्षेशिवाय काम द्या."

"मागणी बरोबर आहे," ते म्हणाले. "ती मागे घेऊ नकोस. बाकीचं पुन्हा लिही, आणि आधी विचारून ये."

घरी आईने चेहऱ्यांवरूनच ओळखलं. तिने पाटाखालचं काकांचं पत्र काढलं आणि चुलीत घातलं. चाकू का अडला हे बाबांनी तिला कधीच सांगितलं नाही. मी सांगितलं, कितीतरी वर्षांनी, आणि ती इतकी ओशाळली की मला वाईट वाटलं. त्याआधीच बाबांनी एवढंच म्हणून ठेवलं होतं, की या लाकडाला पाणी चालत नाही. दर खंडेनवमीला ती त्या कड्यावर कोरडं कुंकू लावायची. एकोणपन्नास प्रतींनी चूल पेटवायला महिनाभर मदत केली. एक प्रत बाबांनी पलंगाखाली ठेवली, इतरांच्या शेजारी. ती माझ्याजवळ आहे. चाकूही आहे. आता माझ्या बोटांचे सांधे धरतात आणि नातू मला नवे चाकू दाखवतो, पात्याला अंगठ्यासाठी बटण असलेले, एका बोटाने उघडणारे. चांगले आहेत. मी त्याला विचारते, कुलूप कुठलं? तो हसतो. मी ते एकदा मिटलेलं, एकदा उघडं, असं दोन्ही वेळा तपासते.

बाबांचा नियम अजून पाळते, म्हणून शेवटी एक मागणी. हे पान वाचून झालं की उठा, डावा हात पाठीमागे धरा, आणि तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या किंवा दुखऱ्या हाताच्या माणसाला ज्या वस्तू रोज उघडाव्या लागतात त्या एकेक उघडून पाहा: औषधाची बाटली, डबा, कडी, चाकू. जी उघडणार नाही ती आजच बदला. आणि कुठली बदलायची ते मनाने ठरवू नका. त्या माणसाला विचारा.